वीता, वीदा, वी : लॅटिन, रोमान्स भाषा आणि साहित्य शिकवण्याचा पेशा

ऱ्हाइनकाठ (धागालेखिका)

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले. तिने फ्रेंचमध्ये पदवी घेतली आहे, स्पॅनिशच्या मधल्या पातळीपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत, आणि जर्मनीत येऊन रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांचा पुढचा अभ्यास करावा, मग अध्यापनात यावे, असे तिच्या मनात आहे. तिचा प्रश्न नेमका होता : या विषयाला लॅटिन खरोखरच लागते, की ती प्रवेशापुरती उरकायची अट आहे? ऱ्हाइनकाठच्या एका विद्यापीठात मी तेवीस वर्षे हाच विषय शिकवला. उत्तर लिहायला बसले तेव्हा ते पत्रात मावेना, म्हणून येथे मांडते आहे. इतरांचेही अनुभव कळावेत, ही इच्छा आहेच.

प्रथम विषयाबद्दल. आपल्याकडे फ्रेंचचा विभाग वेगळा, स्पॅनिशचा वेगळा, आणि लॅटिन बहुतेक ठिकाणी नाहीच. जर्मन विद्यापीठांत मात्र इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान, ओक्सितान, रुमानियन या साऱ्या भाषा एका छपराखाली शिकवल्या जातात, कारण त्या एका आईच्या लेकी आहेत आणि एकीकडे पाहिल्यावाचून दुसरी नीट कळत नाही, ही त्यामागची मूळ धारणा आहे. तिचा पाया बॉनमध्ये घातला गेला. फ्रीडरिश डीट्स १८२१ पासून तेथे शिकवू लागले आणि १८३६ मध्ये त्यांच्या रोमान्स भाषांच्या व्याकरणाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याच्या थोडे आधी, १८१८ मध्ये, त्याच विद्यापीठात ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल आले होते. त्याच वर्षी त्यांनी दक्षिण फ्रान्समधली प्रोव्हाँसाल भाषा आणि साहित्य यांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि १८२३ मध्ये पॅरिसमध्ये पाडून घेतलेल्या देवनागरी खिळ्यांनी भगवद्गीता छापून तिला लॅटिन भाषांतर जोडले. म्हणजे संस्कृतचा आणि रोमान्स भाषांचा आधुनिक अभ्यास जर्मनीत एकाच गावात, काही अंशी एकाच माणसाच्या टेबलावर रांगायला लागला. मला हे ठाऊक झाले तेव्हा परक्या मुलखात कोणी ओळखीचे भेटावे तसे वाटले होते.

मी मूळची सांगलीची. संस्कृत आणि फ्रेंच घेऊन पदवी घेतली होती. लॅटिन शिकायला बसले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि वर्गातली बाकीची मुले अठरा-एकोणीस वर्षांची. शब्दकोश जवळ ठेवून सिसेरो या रोमन वक्त्याच्या तोडीच्या गद्याचा उतारा भाषांतरित करायचा, असे लॅटिनच्या परीक्षेचे स्वरूप असते, आणि पहिल्या खेपेस मी त्यात नापास झाले. ते का झाले, हे सांगण्यासारखे आहे. ‘उर्बे काप्ता’, म्हणजे ‘नगर जिंकले गेले असता’, ही रचना समजून घ्यायला माझ्या वर्गमित्रांना तीन आठवडे लागले. मला ती फळ्यावर दिसताक्षणी कळली, कारण ती आपली संस्कृतातली सति सप्तमीच आहे, फक्त विभक्ती निराळी. त्यामुळे मी निर्धास्त झाले आणि फसले ती दुसऱ्याच जागी. दुसऱ्याचे बोलणे सांगायचे तर संस्कृतमध्ये आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो आणि शेवटी ‘इति’ म्हणतो. लॅटिन मात्र बोलणाऱ्याचा कर्ता द्वितीयेत घालते, क्रियापदाला धातुसाधित रूपात बसवते, आणि अशी वाक्ये पानभर चालू ठेवते. मी त्या द्वितीयांना कर्म समजत गेले आणि उताऱ्यातला सेनापती स्वतःच्याच दूतांकडून मारला गेला. सहा महिन्यांनी पुन्हा बसले. पुढे शिकवताना मी त्याच रचनेवर सर्वांत जास्त वेळ दिला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. लॅटिन लागते, आणि ते केवळ शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी लागते असे नाही. दर ऑक्टोबरात, हिवाळी सत्राच्या पहिल्या तासाला, मी फळ्यावर ‘आयुष्य’ या अर्थाचे तीन शब्द लिहीत असे : वीता, वीदा, वी. पहिला लॅटिनमधला, आणि इटालियनने तो तसाच ठेवला. दुसरा पोर्तुगीजमधला : दोन स्वरांच्या मधला ‘त’ तेथे मऊ होऊन ‘द’ झाला. तिसरा फ्रेंचमधला : त्या जागी आता व्यंजनच नाही. त्याखाली मी देवनागरीत आणखी तीन शब्द लिही : गत, गद, गअ. संस्कृत, आणि शौरसेनी व महाराष्ट्री या दोन प्राकृत भाषा. वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, दोहोंचा एकमेकींशी संपर्क नाही, आणि तरीही दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘त’चे जे झाले ते पायरीपायरीने सारखेच झाले. मग मी प्राकृताचे व्याकरण लिहिणाऱ्या वररुचीचे सूत्र वाचून दाखवी : ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’. क, ग, च, ज, त, द, प, य, व यांचा बहुधा लोप होतो. जर्मन मुले ते सूत्र वहीत उतरवून घेत आणि ‘प्रायो’ म्हणजे काय, हे हमखास विचारत. ‘बहुधा’ या शब्दात भाषेच्या इतिहासाचा निम्मा शहाणपणा आहे, असे मी त्यांना सांगत असे.

तशीच गोष्ट सातची आहे. लॅटिनमध्ये सेप्तेम, इटालियनमध्ये सेत्ते. संस्कृतात सप्त, प्राकृतात सत्त. ‘प्त’चा ‘त्त’ दोन्हीकडे झाला. मराठी त्याच्याही पुढे गेली : जोडाक्षर सोडले आणि आधीचा स्वर लांबवला, सात. फ्रेंच लोक ‘सेत’ म्हणतात आणि लिहिताना मधे ‘प’ लिहितात. तो उच्चारात नाही. जुन्या फ्रेंचमध्ये तो लिहीतही नसत, पुढे लॅटिनची आठवण ठेवणाऱ्या पंडितांनी तो परत आणून बसवला.

एक तास मला विसरता येत नाही. मी लॅटिनमधल्या ‘क्त’चे काय झाले ते विचारत होते. दूध : इटालियनमध्ये लात्ते, स्पॅनिशमध्ये लेचे, फ्रेंचमध्ये ले. रात्र : नोत्ते, नोचे, नुई. मागच्या बाकावर बसणारी, शनिवार-रविवारी बेकरीत काम करणारी आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, “आमच्या घरी लाप्ते म्हणतात. आणि नोआप्ते.” तिचे आईवडील रुमानियातून आलेले होते. मी तिला फळ्याकडे बोलावले आणि आठला काय म्हणता, हे विचारले. तिने लिहिले, ओप्त. ‘क्त’चा ‘प्त’ करणारी भाषा तिच्या स्वयंपाकघरात होती, आणि तोवर तिला वाटत होते की ती भाषा विद्यापीठात सांगण्यासारखी नाही. तिने पुढे याच विषयात पदव्युत्तर पदवी घेतली. लॅटिन शिकवल्याने काय मिळते, असे कोणी विचारले की मला तो फळा दिसतो.

आणखी एका गोष्टीवर मी दर वर्षी पूर्ण तास देत असे. उत्तर रोमन काळातल्या एका अनामिक शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या चुकांची यादी करून ठेवली आहे. ती ‘प्रोबसचे परिशिष्ट’ या नावाने ओळखली जाते, तिच्यात २२७ नोंदी आहेत आणि तिचे हस्तलिखित नेपल्समध्ये आहे. प्रत्येक नोंदीचा साचा एकच : ‘हे म्हणा, ते म्हणू नका.’ ओकुलुस म्हणा, ओक्लुस म्हणू नका. स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको. कालिदा म्हणा, काल्दा नको. त्या शिक्षकाने जे नको म्हटले, नेमके तेच पुढे जगले : डोळ्याला इटालियन ओक्यो म्हणते, स्पॅनिश ओखो, पोर्तुगीज ओल्यु, आणि हे सारे शब्द त्या ‘चुकीच्या’ ओक्लुसपासून आले आहेत. इटालियन माणूस आजही गरम वस्तूला काल्दा म्हणतो. आपल्या वररुचीने मात्र निराळी वाट धरली. लोक जे बोलत होते, त्याला चूक न म्हणता त्याचे नियम लिहिले. एका बाजूला चुकांची यादी आणि दुसऱ्या बाजूला सूत्रपाठ, दोन्हींत माहिती एकाच जातीची. शिक्षकाने कोणती वाट धरायची, हा प्रश्न मी मुलांपुढे ठेवत असे. माझे स्वतःचे मत वररुचीच्या बाजूने आहे.

पहाटवारा

ताई, ते पत्र लिहिणारी मीच. आपण इतक्या आस्थेने उत्तर दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सति सप्तमीचा दाखला वाचून मला धीर आला, कारण माझे संस्कृत दहावीपर्यंतचेच असले तरी तेवढे अजून आठवते.

पुढचा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो, पण घरी तोच रोज विचारला जातो. एवढी वर्षे घालवल्यावर हाती काय लागते? भारतात फ्रेंच किंवा स्पॅनिश विषयात नेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात अर्ज करता येतो, हे मला माहीत आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन यांचे केंद्र आहे, हेही माहीत आहे. परंतु जर्मनीत राहून शिकवायचे ठरवले तर वाट कशी असते, हे आपण स्पष्ट सांगाल का? मला दिलासा नको आहे, खरे ऐकायचे आहे.

कोर्लईची वाट

धागा आवडला. मी अलिबागच्या बाजूचा. लॅटिनची एक लेक रायगड जिल्ह्यातच नांदते आहे, हे येथे नोंदवतो.

रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याच्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडले, परंतु त्यांच्या भाषेतून उपजलेली बोली या वस्तीने सोडली नाही. ती बोलणारे लोक हजाराच्या आतबाहेर आहेत. ते आपल्या बोलीला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. लॅटिनमध्ये नोस्त्रा लिंग्वा, पोर्तुगीजमध्ये नोसा लिंग्वा, आणि आमच्याकडे नो लिंग. चोहोबाजूंनी मराठी असल्यामुळे तिच्या वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी जाऊन बसले आहे, जे पोर्तुगीजमध्ये होत नाही. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, ग्राझच्या ह्यूगो शुखार्ट यांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज बोलींवर लिहिले होते, आणि ते स्वतः रोमान्स भाषांचेच प्राध्यापक होते.

माझे शाळेतले दोन मित्र त्या वस्तीतले. मासळीच्या होडीवरून ते एकमेकांना हाका मारत तेव्हा आम्हाला काही कळत नसे आणि आम्ही त्यांना हसत असू. आज त्याचे वाईट वाटते.

सांतेरी

गोव्याहून लिहिते आहे. धागालेखिकेने बॉनपासून सुरुवात केली, ते विषयाच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु गोव्यातल्या एका पत्राचा उल्लेख झाला नाही तर चित्र अपुरे राहील, असे मला वाटते. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. १५८३ मध्ये त्यांनी आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले आणि त्यात या प्रदेशातल्या भाषांचा उच्चार गोड आहे व त्यांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, असे नोंदवले. संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी नाते सांगणाऱ्या विल्यम जोन्स यांच्या कलकत्त्यातल्या १७८६ च्या भाषणापूर्वी दोनशे वर्षांहून अधिक काळ आधीची ही नोंद आहे. पुढे ते मराठीत ओव्या रचू लागले आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु लॅटिनच्या वर्गात घडलेल्या कानांनीच हे साम्य टिपले, याकडे आपले लक्ष कमी जाते.

दुसरे नाव सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचे. जन्म १८५५, आसगाव, बार्देश. रोममध्ये शिक्षण झालेले धर्मगुरू आणि पुढे लिस्बनमध्ये संस्कृतचे प्राध्यापक. पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कोठे कोठे गेले, यावर त्यांनी १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला आणि १९१९ व १९२१ मध्ये त्यांच्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशाचे दोन खंड आले. दोन्ही पाय गमावल्यानंतरही त्यांचे लेखन थांबले नव्हते. रोमान्स भाषा आणि आपल्या भाषा अशा दोन्ही अंगांनी आयुष्यभर काम केलेला माणूस हवा असेल, तर तो आमच्या बार्देशात आहे.

जुने पान

धाग्यातील माहिती मोलाची आहे. तरीही दोन शंका मांडतो, त्या आक्षेप म्हणून घेऊ नयेत.

पहिली अशी. शीर्षकात ‘साहित्य’ हा शब्द आहे, परंतु आतापर्यंतची चर्चा ध्वनींपाशीच थांबली आहे. ‘त’चा ‘द’ झाला, हे मनोरंजक असले तरी त्यासाठी कोणी आयुष्य वेचावे का? इटलीचा दान्ते, स्पेनचा सेर्व्हान्तेस, फ्रान्सचा मोंतेन्य यांना वाचायला लॅटिनची किती गरज आहे?

दुसरी अधिक जिव्हाळ्याची. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच दिवशी प्राकृतलाही मिळाला. परंतु महाराष्ट्रात महाराष्ट्री प्राकृत मुळातून वाचू शकणारे तरुण किती आहेत? आपल्या मुलींनी बुद्धी आणि उमेद युरोपच्या आजीबाईसाठी खर्च करावी आणि आपली आजी घरात एकटी बसावी, याचे मला दुःख होते. वररुचीचे सूत्र जर्मन मुलांनी वहीत उतरवून घेतले, हे वाचून अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी खंतही वाटली.

ऱ्हाइनकाठ

सर्वांचे आभार. कोर्लईच्या ‘नो लिंग’चा उल्लेख मी दर वर्षी वर्गात करत असे, परंतु होडीवरच्या हाका मला कोणत्याच ग्रंथात भेटल्या नसत्या. सांतेरीताई, स्टीफन्स यांचे पत्र मी विसरले, ही माझी चूकच आहे. ते १९५७ पर्यंत अप्रकाशित राहिले, म्हणून बॉनमधल्या मंडळींना त्याची वार्ता नव्हती, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

पहाटवारा, तुम्ही खरे ऐकायचे आहे म्हणालात, म्हणून तुम्हाला आधी उत्तर देते. जर्मनीत या विषयात प्राध्यापक व्हायचे असेल तर परंपरेची अपेक्षा अशी की प्रबंध एका रोमान्स भाषेवर असावा आणि त्यानंतरचा अध्यापनाधिकाराचा दुसरा ग्रंथ वेगळ्या भाषेवर. त्याशिवाय विद्यापीठांत मुदतीच्या नेमणुकांचा कायदा आहे, २००७ पासूनचा : पीएच.डी. होईपर्यंत साधारण सहा वर्षे आणि नंतर सहा वर्षे, एवढ्या काळात कायमची जागा मिळाली नाही तर बहुतेकांना विद्यापीठ सोडावे लागते. शिक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये या व्यवस्थेचे गुणगान करणारी एक चित्रफीत काढली होती, तीत हाना नावाची काल्पनिक संशोधिका होती, आणि २०२१ मध्ये ती चर्चेत आल्यावर हजारो अध्यापकांनी ‘मी हाना आहे’ असे लिहून आपापली हकीकत मांडली. त्यांत मीही होते. मला अकरा वर्षांत सात करार मिळाले. त्यांतला सर्वांत लहान चार महिन्यांचा होता. त्यानंतर अध्यापनासाठीची कायम जागा मिळाली, जिच्यात प्राध्यापकांच्या जवळजवळ दुप्पट तास शिकवायचे असते आणि संशोधन आपल्या रविवारी करायचे असते. आमच्याकडची इटालियनची जागा धारक निवृत्त झाल्यावर भरली गेली नाही, म्हणून तेही तास माझ्याकडे आले. लॅटिनचा चार सत्रांचा अभ्यासक्रम दोन सत्रांचा केला गेला. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठीची लॅटिनची अट काही राज्यांनी काढून टाकली आहे.

अमेरिकेचे चित्र अधिक कठोर आहे. ऑल्बनीच्या सरकारी विद्यापीठाने २०१० मध्ये फ्रेंच, इटालियन आणि अभिजात भाषा यांचे अभ्यासक्रम बंद करण्याचे जाहीर केले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये परभाषांचा विभागच मोडीत काढला. इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकणाऱ्यांची संख्या तेथे २०१६ ते २०२१ या काळात १६.६ टक्क्यांनी घटली. तेव्हा घरच्यांची काळजी निराधार नाही, हे त्यांना सांगा. तुम्ही येणारच असाल तर जोडीला शाळेत शिकवण्याची पात्रताही घ्या. फ्रेंच, स्पॅनिश आणि लॅटिन या तिन्हींपैकी दोन शिकवता येणाऱ्या शिक्षकाला येथील शाळेत काम मिळते आणि ते सन्मानाचे काम आहे. मी उशिरा शहाणी झाले, तुम्ही होऊ नका.

आता ‘जुने पान’ यांच्या शंका. दुसरी आधी घेते, कारण तिने मला स्वतःलाही कित्येक रात्री जागवले आहे. माझा अनुभव असा की मला महाराष्ट्रीची गोडी लॅटिनमुळे लागली. पुण्यात असताना हालाची गाथासप्तशती, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातला काव्यसंग्रह, हा प्रश्नपत्रिकेतला एक धडा होता. ‘वीता, वीदा, वी’ कळल्यावर मी ‘गत, गद, गअ’ शोधायला परत गेले आणि आपली ‘गेला’, ‘गेली’ ही रोजची रूपे कोणत्या झिजलेल्या शब्दाला ‘ल’ जोडून उभी राहिली आहेत, ते मला तिशीत कळले. मराठीच्या जडणघडणीचा पहिला शास्त्रीय इतिहास ज्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये लिहिला, १९२० मध्ये. फ्रेंच परंपरेत घडलेल्या माणसाला आपल्या बोलीकडे कसे पाहावे हे सुचले, कारण एका प्राचीन भाषेतून अनेक भाषा कशा निघतात, याचे दोन हजार वर्षांचे लेखी पुरावे त्याच्या घरातच होते. आपल्याकडे जुने पुरावे विरळ आहेत, मधल्या शतकांत तर फारच. ज्या जागी आपला पुरावा तुटतो, तेथे काय घडले असावे याचा अंदाज करायला लॅटिनच्या लेकी शिकवतात. म्हणून एका आजीकडे गेल्याने दुसरी एकटी पडते, असे मला वाटत नाही. परंतु महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत प्राकृताच्या जागा रिकाम्या राहतात, हे आपले म्हणणे खरे आहे आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

साहित्याबद्दल म्हणाल तर दान्तेचेच उदाहरण घ्या. लोकभाषेत काव्य रचावे, हे सिद्ध करण्यासाठी चौदाव्या शतकाच्या आरंभी त्याने जो ग्रंथ लिहायला घेतला, तो लॅटिनमध्ये आहे. ज्यांची खात्री पटवायची, ते पंडित लॅटिनच वाचत होते. त्याच पिढीतल्या आपल्या ज्ञानेश्वरांनी अशी फिर्याद संस्कृतात दाखल केली नाही. मराठीची थोरवी त्यांनी ओवीतच सांगितली आणि ओवीतच दाखवली. हा फरक माझ्या मते फार मोठा आहे, परंतु दान्तेचे लॅटिन न वाचता फक्त इटालियन काव्य वाचणाऱ्याला तो दिसणारच नाही. मोंतेन्यचे तर पहिले बोलणेच लॅटिन होते. वडिलांनी ठेवलेला शिक्षक आणि घरातली माणसे त्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलतच नसत. त्याच्या फ्रेंच वाक्यांच्या मधे लॅटिन कवींच्या ओळी येतात, त्यांचा सूर भाषांतरात हरवतो.

आणि ज्या माणसामुळे मी या पेशात टिकले, त्याची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. एरिक आउअरबाख यांचा जन्म १८९२ मध्ये बर्लिनमध्ये झाला. आधी कायद्याची डॉक्टरेट, मग पहिले महायुद्ध, मग रोमान्स भाषांची दुसरी डॉक्टरेट, मग प्रशियाच्या शासकीय ग्रंथालयात नोकरी. १९२९ मध्ये त्यांचे दान्तेवरील पुस्तक आले आणि पुढे मारबुर्गमध्ये लेओ श्पित्सर यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. १९३५ मध्ये ज्यू म्हणून ते अध्यासन गेले. श्पित्सर यांचेही कोलोनमधले १९३३ मध्ये गेले होते आणि ते इस्तंबूलला निघून गेले होते. १९३६ मध्ये श्पित्सर अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांच्या इस्तंबूलमधल्या जागी पुन्हा आउअरबाखच आले. तेथे ते अकरा वर्षे राहिले. मे १९४२ ते एप्रिल १९४५ या काळात त्यांनी ‘मीमेसिस’ लिहिले : होमर आणि बायबलपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंत, प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी मूळ भाषेतला एक उतारा आणि त्याच्या वाक्यरचनेवरून लेखकाने जगाकडे कसे पाहिले याचा शोध. ते १९४६ मध्ये बर्नला छापले गेले. युरोपीय विषयांसाठी पुरेसे ग्रंथालय हाताशी नव्हते, आणि ते असते तर कदाचित हे पुस्तक लिहिलेच गेले नसते, असे त्यांनी स्वतः शेवटी म्हटले आहे.

‘मीमेसिस’ सर्वांना माहीत असते. मला त्याहून जवळचे आहे ते त्यांचे दुसरे, लहान पुस्तक. ज्यांना लॅटिन येत नाही, ख्रिस्ती धर्माची पार्श्वभूमी नाही आणि युरोपचा इतिहास घरातून मिळालेला नाही, अशा तुर्की विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९४३ मध्ये रोमान्स भाषाभ्यासाची प्रवेशिका लिहिली. ती १९४४ मध्ये आधी तुर्की भाषांतरात आली आणि मूळ फ्रेंचमध्ये १९४९ मध्ये. तिच्यात काहीही गृहीत धरलेले नाही. लॅटिन म्हणजे काय, रोमन वसाहत म्हणजे काय, हस्तलिखिताची चिकित्सित आवृत्ती कशी करतात, हे सारे अगदी पहिल्यापासून, शांतपणे सांगितले आहे. सांगलीहून आलेल्या मुलीला ते पुस्तक वाचताना प्रथमच असे वाटले की आपण दाराबाहेर उभ्या आहोत हे लेखकाला माहीत आहे आणि त्याने दार आपल्यासाठीच उघडले आहे. युद्ध चालू असताना, स्वतःचे अध्यासन गेलेले असताना, परक्या देशातल्या वीस वर्षांच्या मुलांसाठी प्रवेशिका लिहायला वेळ काढणे, याला मी शिक्षक म्हणते.

पहाटवारा

ताई, ती प्रवेशिका मी मिळवते. घरी आपला प्रतिसाद वाचून दाखवला. सात करारांशी आल्यावर बाबा गप्प झाले, मग म्हणाले, “निदान यांनी खोटे तरी सांगितले नाही.” शाळेच्या पात्रतेचा मार्ग त्यांना पटला आहे. प्रवेशापर्यंत माझ्या हाती दहा महिने आहेत. त्यांत काय करू?

ऱ्हाइनकाठ

रोज एक तास लॅटिन, आणि त्यात उच्चार मोठ्याने. विभक्तींचे तक्ते पाठ करा. रामशब्द चालवल्यासारखे चालवा, आपल्याला त्याची सवय आहे. पाचव्या महिन्यात सीझरचे गॉलच्या युद्धावरचे गद्य घ्या आणि जेथे द्वितीयेतला कर्ता दिसेल तेथे पेन्सिलने खूण करा, म्हणजे माझ्यासारखे होणार नाही. स्पॅनिश सुटू देऊ नका. जोडीला एक वही ठेवा आणि आपल्या मराठीत आलेले पोर्तुगीज शब्द तीत मागे मागे नेत लिहीत जा. सुरुवातीला एक देते. लॅटिनमध्ये ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली. शब्दारंभीच्या ‘क्ल’चे इटालियनमध्ये ‘क्य’ झाले : क्यावे. स्पॅनिशमध्ये ते मऊ होऊन ‘याव्हे’ झाले, फ्रेंचमध्ये ‘क्ले’ राहिले. ‘च’कडे झुकणारा उच्चार फक्त पोर्तुगीजच्या बाजूने आला, आणि जुन्या पोर्तुगीजमध्ये तो ‘चावे’ असाच होता. म्हणून तुमच्या घराच्या दाराला जी लागते ती चावी कोणत्या जहाजातून आली, हे तिच्या पहिल्या अक्षरावरूनच सांगता येते. पुढचा शब्द ‘पगार’ घ्या. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘शांत करणे’ या अर्थाचा धातू आहे. मधल्या ‘क’चा ‘ग’ का झाला ते तुम्ही लिहून पाठवा, मी तपासून देते.